ताईचा हात आणि दाजींची साक्ष

चर्चच्या सभेत साक्ष द्यायला उभं राहण्याआधी दाजी एक लवंग दाढेखाली धरायचे. आवाज मोकळा राहतो म्हणायचे. मग कॉलर सारखी करायची, घडीचा रुमाल डाव्या खिशातून उजव्या खिशात घ्यायचा आणि कीबोर्डपाशी बसलेल्या माझ्याकडे बघून मान हलवायची. आजही समोरचा माणूस बोलताना लवंगेचा वास आला की माझ्या तोंडात पाणी येतं. भुकेचं नव्हे, ओकारीच्या आधी येतं तसलं.

दाजी म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा. आमचं घराणं मूळ नगरकडचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. वडील रेल्वेत लागले म्हणून कल्याणला आलो आणि कल्याणचेच झालो. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. एका शाळेत मुलींना शिवण शिकवायची. दाजीही रेल्वेतच, वर्कशॉपमध्ये. आमच्या चर्चमध्ये गाण्याचा पहिला आवाज त्यांचा. दर रविवारी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात पुढच्या बाकावर बसून गाणारा हा माणूस सोमवार ते शनिवार पितो, हे अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. ताईच्या गालावर कधी वळ दिसला की बायका तिला मिठी मारायच्या आणि 'प्रार्थनेत ठेवतो' म्हणायच्या. ठेवत असतीलही.

नाताळच्या आदल्या आठवड्यात ताई फराळाचं तळत होती. दाजी दुपारीच पिऊन आले. भांडण कशावरून झालं ते मला आजही नीट माहीत नाही. कढईतलं तेल ताईच्या डाव्या हातावर आलं, कोपरापासून मनगटापर्यंत. मी पोचलो तेव्हा आई तिला रिक्षात बसवत होती. मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी टेकलो. मागे आई ताईला हळू आवाजात पढवत होती, "डॉक्टर विचारतील. कढई कलंडली म्हणायचं. कळलं? संसार आहे बाई तुझा."

डॉक्टरांनी विचारलं. ताई म्हणाली, "कढई कलंडली." मी तिथेच उभा होतो, तिच्या चपला हातात धरून. सत्तावीस वर्षांचा, नोकरीला लागलेला बाप्या. एक शब्द बोललो नाही.

चौथ्या दिवशी आमचे पाळक हॉस्पिटलात आले. ताईच्या उशाशी उभं राहून त्यांनी लांबलचक प्रार्थना केली. क्षमा हाच ख्रिस्ती माणसाचा दागिना, असं काहीसं त्यात होतं. त्या वेळी नर्स ड्रेसिंग बदलायला आली होती आणि प्रार्थना संपायची वाट बघत ट्रे घेऊन ताटकळली होती. ताईचे ओठ पांढरे पडलेले. पाळकांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही.

दोन महिन्यांनी दाजी तीन दिवसांच्या एका प्रार्थना शिबिराला गेले आणि परत आले ते दारू सोडून. हे खरं आहे आणि मी ते खोटं ठरवणार नाही. त्यानंतर त्यांनी थेंबाला हात लावला नाही. पुढच्या रविवारी ते आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने आपल्याला कसं बदललं ते चारचौघांत सांगायला, उभे राहिले आणि सगळं बोलले. मी बायकोवर उकळतं तेल सांडलं, मी पापी आहे, प्रभूने मला क्षमा केली. आवाज फुटत होता, मधेच वाक्य विसरत होते, नाक शर्टाच्या बाहीला पुसत होते. तेव्हा मीही रडलो. त्या एका दिवसाबद्दल मला अजून काही म्हणायचं नाही.

पण ती साक्ष ऐकून डोंबिवलीच्या मंडळीने बोलावलं. मग अंबरनाथने, मग ठाण्याने. महिन्याला एक सभा, कधी दोन. मी कीबोर्ड घेऊन बरोबर, कारण साक्षीच्या खाली मंद सूर लागतो. चार वर्षं हे चाललं.

दुसऱ्या की तिसऱ्या सभेला दाजी बोलता बोलता थांबले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या ताईकडे वळून म्हणाले, "हात दाखव, अगं." ताई गोंधळली. मग तिने पदर बाजूला करून डावा हात वर केला. आक्रसलेली, चकचकीत, गुलाबी-तपकिरी कातडी. हॉलमधून 'स्स' असा आवाज आला. दाजींना तो आवाज ऐकू आला. मलाही आला. तेव्हापासून हात हा साक्षीचाच भाग झाला.

रुमाल ठरलेल्या जागी निघायला लागला. वाक्यं ठरली. 'मी तेल सांडलं' चं 'मी तेल ओतलं' झालं, आणि पुढे एका सभेत ते म्हणाले की ओतून मी हसलो. ताई मला नंतर म्हणाली, "हसले नव्हते रे." मी म्हटलं, "दाजींना सांग ना." ती म्हणाली, "सांगितलं. म्हणतात, प्रभूचा महिमा वाढतो."

सभा संपली की बायका ताईभोवती गोळा व्हायच्या. तो हात हातात घ्यायच्या, कातडीवरून बोटं फिरवायच्या. एका बाईने त्यावर ओठ टेकवले आणि डोळे पुसत समोशांच्या टेबलाकडे गेली. ताईच्या डाव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नव्हती. कापड धरता येईना म्हणून शाळेतलं शिवण सुटलं होतं. त्याबद्दल कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि मी? मी वाजवत होतो, आणि चांगलं वाजवत होतो. 'हात दाखव' आलं की खालच्या पट्टीतला एक सूर धरून ठेवायचा, हात वर गेला की तो हळूच उघडायचा. लोक तिथेच रडायचे. नंतर माझा हात हातात घेऊन म्हणायचे, "भाऊ, तुमच्या बोटांवर देवाचा हात आहे." ऑफिसात मला कुणी विचारत नव्हतं. मला ते फार गोड लागायचं.

ठाण्याची एक सभा नवरात्रात आली. टेंभी नाक्याला गर्दीमुळे रस्ते बंद, रिक्षावाल्याने अलीकडेच उतरवलं. मी खांद्यावर कीबोर्ड घेतलेला, ताई पदराने हात झाकून गर्दीतून वाट काढत होती, दाजी पुढे. ते चालता चालता ओठांतल्या ओठांत साक्ष घोकत होते. मधेच मागे वळले आणि ताईला म्हणाले, "आज हात जरा उशिरा वर कर. मी तेल म्हटल्या म्हटल्या नको. लोकांना जरा कळू दे, मग." आणि पुढे म्हणाले, "बाही अजून थोडी आखूड शिवून घे ना. कोपराकडचं दिसत नाही."

ताई म्हणाली, "बरं."

मला वाटलं, कीबोर्ड तिथेच रस्त्यात ठेवावा आणि ताईला घेऊन घरी जावं. मी काय केलं? खांदा दुखत होता म्हणून कीबोर्ड दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि मागोमाग चालत राहिलो.

हॉलबाहेर फ्लेक्स लागला होता. त्यावर दाजी आणि ताई, मागे ज्वाळा. 'अग्नीतून कृपेकडे'. त्या सभेचा व्हिडिओही निघाला. कुणीतरी ताईचा नुसता हात कापून व्हिडिओच्या दर्शनी चित्रावर लावला. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो आला तेव्हा खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्यात माझेही होते.

हे थांबलं ते टिटवाळ्यानंतर. तिथल्या एका नव्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, सोसायटीच्या हॉलमध्ये सभा होती. सभा झाली, सरबत-समोसे सुरू झाले. ताई प्लेट घेऊन भिंतीपाशी उभी होती, मी वायर गुंडाळत होतो. एक जोडपं तिच्यासमोर आलं. मुलगी पंचवीस-सव्वीसची. हॉलमध्ये एवढं उकडत असताना तिने ओढणी गळ्याभोवती घट्ट लपेटलेली. नवऱ्याने तिचं कोपर धरून तिला पुढे केलं.

"ताई, हिला जरा समजवा," तो हसत म्हणाला. "सारखी माहेरी जाते म्हणते. म्हणून मुद्दाम आणली. म्हटलं, त्या ताईंचा हात बघ. त्यांनी एवढं सोसून क्षमा केली, आणि तू एका थपडेला रडतेस!"

मुलगी ताईच्या हाताकडे बघत होती. बाकी बायका बघायच्या तशी नव्हे. आपलं पुढे काय होणार ते बघावं, तशी.

दाजी लगबगीने आले, त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, आपण दोघांसाठी प्रार्थना करू."

ताईने प्लेट खाली ठेवली. मुलीला विचारलं, "फोन नंबर काय तुझा?"

"माझा घ्या," नवरा म्हणाला.

"तिचा," ताई म्हणाली.

मुलीने सांगितला. ताईने माझ्याकडून पेन घेऊन तो तळहातावर लिहिला. कल्याणला परतेपर्यंत ती एकच वाक्य बोलली, तेही माझ्याशी. "बायकांना गप्प करायला दाखवायची वस्तू झालेय रे मी."

दोन आठवड्यांनी डोंबिवली पूर्वेला, एका शाळेच्या हॉलमध्ये सभा होती. दोनेकशे माणसं. दाजी रंगात आले होते. तेल आलं, हसणं आलं, रुमाल निघाला. "हात दाखव, अगं."

मी सूर धरला. ताईचा हात मांडीवरच होता.

दाजी हसून पुन्हा म्हणाले, "हात दाखव. लाजू नको."

ताई उठली आणि सरळ पुढे गेली. दाजींना वाटलं ती तिथे उभी राहून दाखवणार, ते जरा बाजूला सरकले. तिने त्यांच्या हातातला माईक घेतला.

"सगळ्यांना सलाम," ती म्हणाली. आवाज नेहमीचा, वर्गात मुलींना टाका समजावून सांगतानाचा. "तेल यांनी सांडलं, ते खरं आहे. दारू सोडली, तेही खरं, प्रभूचे उपकार. पण तुम्हाला वाटतं यांनी माझी क्षमा मागितली. यांनी देवाची मागितली. पाळकसाहेबांची मागितली. तुमची तर दर महिन्याला मागतात. माझी आजवर मागितलेली नाही."

दाजी म्हणाले, "अगं, हे घरी..."

"माझा हात नळाखाली होता," ताई त्यांच्याकडे न बघता बोलत राहिली, "आणि हे दारात उभे राहून म्हणाले, आता उरलेल्या करंज्या कोण तळणार? ते हे तुम्हाला कधी सांगत नाहीत. तेलाचं सांगतात."

मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो. चार वर्षं साक्षीखाली सूर धरला होता आणि मला हे माहीत नव्हतं. अंगावर तेल टाकणारा माणूस भयंकर असतो, पण लोक त्याची गोष्ट ऐकायला जमतात. करंज्यांची काळजी करणाऱ्याची गोष्ट कोण ऐकणार? म्हणून ती त्यांनी गाळली होती.

"मी यांना हॉस्पिटलातच क्षमा केली," ताई म्हणाली. "मनात जाळ घेऊन झोप लागेना, म्हणून केली. ती माझी आणि देवाची गोष्ट आहे. तिला हात वर करावा लागत नाही. मी आता येणार नाही."

माईक टेबलावर ठेवून ती मधल्या वाटेने निघून गेली. माझं बोट अजून त्या एका सुरावर दाबलेलं होतं. ते मी उचललं तेव्हा फक्त पंख्यांचा आवाज उरला. दाजींनी "हालेलुया म्हणा" असं म्हणून बघितलं. तीनचार जणांनी म्हटलं.

मंगळवारी पाळक आणि चर्चच्या कमिटीतले दोघे ताईच्या घरी आले. मीही गेलो होतो. ताईने पोहे केले. पाळक म्हणाले, "बाई, क्षमा केली म्हणता, पण मनात कडूपणा राहिलाय. क्षमा म्हणजे विसरणं. झालेलं पुन्हा उगाळायचं नसतं."

"उगाळत कोण होतं, पाळकसाहेब?" ताईने विचारलं. "दर महिन्याला, माईकवरून?"

"ती सेवा होती."

"बरं. तुम्ही चार वर्षं हा हात बघताय. दुखतो का, म्हणून एकदा तरी विचारलंत?"

पाळकांनी पोह्यांकडे बघितलं आणि चमच्याने शेंगदाणे एका बाजूला काढायला लागले. एकेक शेंगदाणा. मला त्या चमच्याचा, त्या बोटांचा, ओठांच्या कडेला लागलेल्या हळदीचा अशी किळस आली की मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आतून कमिटीतल्या एकाचा आवाज आला, "बाई, अर्धा कप चहा अजून मिळेल का?" ताईने दिला. जाताना त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. दाजींसाठीही केली, त्यांचं मन दुखावलं गेलं म्हणून.

"माझी सेवा बुडवलीस," एवढं एक वाक्य बोलून दाजींनी तिच्याशी चार महिने अबोला धरला. मग ते एकटेच सभांना जाऊ लागले. साक्षीत नवीन भर पडली. सैतानाने माझ्या पत्नीचं मन कठोर केलंय, तिच्यासाठी गुडघे टेका. त्याचाही व्हिडिओ आला. मी ग्रुप सोडला. एवढंच माझं शौर्य. ताईने चर्च बदललं. सकाळच्या लहानशा उपासनेला जायची, मागच्या बाकावर बसायची, पूर्ण बाहीचा ब्लाउज घालून.

मग एका बुधवारी सकाळी तिचा फोन आला. "रजा टाक आणि चल. टिटवाळ्याला जायचंय."

त्या मुलीने फोन केला होता. नवरा कामावर गेलेला. आम्ही पोचलो तर ती दार लावून आत बसली होती. ओढणी नव्हती. गळ्यावर बोटं उमटलेली दिसत होती, पाच नाही, चारच. चार का, ते मला रिक्षात बसल्यावर कळलं. मागून मान आवळली की अंगठा मागे राहतो.

ती उठायला तयार नव्हती. म्हणाली, "पण ताई, आपल्याला क्षमा करायला सांगितलंय ना? किती वेळा करायची त्याचा हिशेब ठेवायचा नाही असं सांगितलंय."

ताई म्हणाली, "करायची की नाही ते नंतर बघू. तुझ्या आईकडे बसून निवांत कर. आधी बॅग भर. आधार कार्ड, शाळेचे दाखले, औषधं. साड्या राहू दे."

तिचं माहेर शहाडला होतं. आईने दार उघडलं, मुलीचा गळा बघितला, आणि काही न विचारता तिला आत ओढून घेतलं. त्या दारात उभा असताना मला माझी आई आठवली, आणि रिक्षा. आई तोवर गेली होती. तिच्यावर राग काढायलाही कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने आपल्या भावाला घेऊन पोलिसांत तक्रार दिली. ताई साक्षीदार म्हणून गेली. साक्ष हा शब्द तिथेही आला तेव्हा तिने सही करता करता माझ्याकडे बघितलं आणि नाक उडवलं.

शहाडहून परतताना मी ताईला म्हटलं होतं, "ताई, मला माफ कर. तुझ्यासाठी मी बोलायला हवं होतं. दाजींचा मान म्हणून वाजवत राहिलो."

"मान नाही," ती म्हणाली. "तुला वाजवायला आवडायचं. लोक कौतुक करायचे."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. मग म्हटलं, "हो. आवडायचं."

"मग तसं सांग ना. मानाबिनाचं कशाला घालतोस मधे?"

"आवडायचं म्हणून वाजवलं. तुझा हात वर जायचा तेव्हा लोक रडायचे, ते मला माझ्यामुळे वाटायचं."

"हं," ती म्हणाली. "झालं. केलं माफ." आणि लगेच, "स्टेशनबाहेर कोथिंबीर बघ रे, आमच्याकडे सगळी पिवळी येते." मी दोन जुड्या घेतल्या. घरी जाऊन मोरीत तोंड धुतलं आणि धुतच राहिलो. माफी मिळाल्याचं सुख वगैरे काही नव्हतं. आपण कसले आहोत ते कुणीतरी नीट बघितलं आणि तरी कोथिंबीर आणायला सांगितली, एवढंच होतं. पण त्याआधी इतकं खरं मी कुणाशी बोललो नव्हतो.

दाजी आता निवृत्त झालेत. सभांची बोलावणी हळूहळू बंद झाली, लोकांना नवीन साक्षी मिळाल्या. गेल्या वर्षी एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारातून आत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं." समोर कुणी नव्हतं, ताई आणि गॅसवरची भाजी. हे तिने मला मटार सोलताना सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"ऐकलं म्हटलं."

"बस?"

"अजून काय? एवढी वर्षं लागली त्यांना तीन पावलं आत यायला. मलाही लागतील थोडी."

"हॉस्पिटलातच केलीस ना क्षमा?"

"ती मी माझ्यासाठी केलेली. मागितल्यावर द्यायची ती वेगळी असते. ती मी अजून कधी दिलेलीच नाही कुणाला, कशी देतात ते बघायला नको?" ती हसली. मला हसू आलं नाही. दोन शब्द! चार वर्षं माईकवर तासतास बोलणाऱ्या माणसाकडे तिच्यासाठी दोनच शब्द होते. माझ्या जिभेवर कडू थुंकी आली. ताई मात्र शांतपणे टपोरे दाणे वेगळे काढत होती.

मी अजून आमच्या जुन्याच चर्चला जातो. दाजीही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे रांगेने पुढे जातात. कुणाबद्दल मनात अढी असेल तर आधी मिटवा आणि मग पुढे या, असं पाळक सांगतात. मी तीन वर्षं पुढे गेलेलो नाही. पाळकांनी एकदा बाजूला घेऊन विचारलं, तर मी म्हटलं, "मेव्हण्याबद्दल किळस आहे मनात. जात नाही."

"मग प्रार्थना करा, मिटवा," ते म्हणाले.

"करतोय," मी म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं.

ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "बसून राहा मग. खोटं खोटं उठण्यापेक्षा ते बरं."

तेव्हा मी बसून राहतो. रांग उठते, बाकावरून एकेक जण सरकतो. दाजींचे गुडघे आता दुखतात. समोरचा बाक धरत, पाय ओढत ते माझ्यासमोरून जातात. मी त्यांच्याकडे बघत नाही. पण त्यांना जायला जागा व्हावी म्हणून पाय आत घेतो.